पिवळी पूड

लोकांना वाटतं, कुत्र्यांचे केस कापणाऱ्याला कुत्र्यांची किळस येत नसणार. साफ चूक. बावीस वर्षं मी हा धंदा करतोय आणि अजूनही सकाळी दुकानाचं शटर वर केलं की पहिल्या वासाला मी तोंड फिरवतो. ओल्या केसांचा, कानातल्या मळाचा, शेपटीखाली वाळून बसलेल्या घाणीचा वास. त्याची सवय होते असं म्हणणाऱ्यांनी त्यात कधी हात घातलेला नसतो.

पण कुत्र्यांपेक्षा जास्त किळस मला त्यांच्या मालकांची येते. कुत्र्याला तोंड चाटू देतील, आपल्या उशीवर झोपवतील, पण कंगवा म्हणून फिरवणार नाहीत. सहा महिन्यांनी गोधडी झालेलं जनावर माझ्या टेबलावर आणून टाकायचं आणि वर सांगायचं, जरा प्रेमानं करा हं, फार हळवा आहे तो. मी मान डोलावतो. दार बंद झालं की त्या हळव्याच्या तोंडाला मुसकं बांधतो, गळ्यात टेबलाच्या खांबाचा फास अडकवतो आणि दोन तासांत त्याला गिऱ्हाइकाच्या हातात चकचकीत करून देतो. मला हे काम वस्तादांनी शिकवलं आणि ते असंच करायचे.

वस्तादांनी मला आणखी एक गोष्ट दिली होती, एक पितळी डबी. त्यात पिवळी पूड असते. नख कापताना चुकून आतली जिवंत नस कापली गेली की रक्ताची धार लागते, त्यावर ही पूड दाबायची. अर्ध्या मिनिटात रक्त बंद. पंजा पुसायचा आणि गिऱ्हाइकाला यातलं अक्षर सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, वस्ताद म्हणायचे. ही डबी कायम माझ्या खिशात असते आणि उभ्या उभ्या अंगठ्याने तिचं झाकण उघडायची, मिटायची मला सवय आहे. टक्, टक्. बायको म्हणते, लोक जपमाळ ओढतात, तुम्ही झाकण ओढता.

तर अशा माझ्या दुकानात एका दुपारी ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या आधी तिच्याबरोबरच्या कुत्र्याचा वास आत आला. आंबलेल्या फडक्याचा आणि त्याखाली काहीतरी कुजल्याचा. शॅम्पूचा डबा उघडा असतानाही तो वास नाकात शिरला आणि मी नाकाला रुमाल लावला. बहिणीसमोर. तिने ते पाहिलं आणि खाली मान घातली.

कुत्र्याचं नाव साहेब. दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, ठेवलेलं. दाजी जन्मभर कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांना साहेब म्हणत आलो, आता घरचा साहेब पाळतो, हा निदान शेपटी तरी हलवतो, असं म्हणायचे. रोज संध्याकाळी गॅलरीत बसून त्याचे लांब केस विंचरायचे. मग दाजी आजारी पडले, वर्षभर अंथरुणात होते आणि मागच्या वर्षी गेले. ताईची बोटं सांधेदुखीने वाकलेली, तिला कंगवा धरवत नाही. साहेबाचे केस वाढले, गुंतले आणि त्यांचा अंगभर दाबलेल्या लोकरीसारखा एक जाड नमदा झाला. पोटाखाली तर तो वाळलेल्या चिखलासारखा टणक झाला होता आणि चालताना जमिनीला घासायचा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं. गाठींखाली कातडी कुजायला लागलीय. बेशुद्ध करून केस काढले असते, पण त्याचं हृदय कमजोर आहे, परत उठेलच याची खात्री नाही. शुद्धीत असताना तो कुणाला हात लावू देत नाही, दोन दुकानांत चावून आला आहे. तीन आठवड्यांत अंग मोकळं झालं नाही तर त्याचे हाल बघण्यापेक्षा त्याला शेवटचं इंजेक्शन देणं बरं.

"यांचं एवढंच उरलंय माझ्याकडे," ताई म्हणाली. "तुला जमेल का बघ."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी मला बरं वाटलं. कारण साहेब पाच महिन्यांचा असताना दाजी त्याला एकदाच माझ्याकडे घेऊन आले होते. त्यानंतर नऊ वर्षांत कधीही नाही. घरचं दुकान असताना शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिक्षाचे पैसे घालून, परक्याकडे न्यायचे. नातेवाइकांत माझं हसं झालं. मी त्यांच्या घरी जाणं तोडलं. ते दवाखान्यात होते तेव्हा दारातूनच कसं काय विचारलं आणि निघालो. आता त्यांचा साहेब माझ्याच उंबऱ्यावर आला होता. बघा म्हटलं, शेवटी अडला हरी.

तो उंबरा ओलांडेना. बसकण मारली आणि तिथेच मुतला. मी त्याला उचलून टेबलावर ठेवला. माझ्या शर्टाला त्या नमद्याची ओल लागली आणि मला शिसारी आली. ताईला बाहेर बसवलं, मुसकं बांधलं, फास अडकवला. सवयीने डबीचं झाकण टक् केलं आणि केस कापायचं मशिन हातात घेतलं. मशिन अजून सुरूही केलं नव्हतं तोवर साहेब असा उसळला की खांब वाकला. तो ओरडत नव्हता, मुसक्यातून नुसती शिट्टीसारखी हवा येत होती. मग त्याचे मागचे पाय गेले. जीभ निळसर दिसली. मी घाईघाईने सगळं सोडलं. तो टेबलावर आडवा पडून राहिला आणि त्याच्याखालून जे काही बाहेर आलं ते माझ्या हातांवरून कोपरापर्यंत गेलं.

हात तीनदा धुऊनही वास गेला नाही. जेवताना घास तोंडाशी नेला की तोच वास. उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवलं. म्हणाल्या, तो हट्टी नाही, घाबरलेला आहे आणि तो कशाला घाबरतो हे तुम्ही शोधलेलंच नाही. त्याला दुकानात आणूच नका. त्याच्या घरी जा, जमिनीवर बसा, एकेक वस्तू लांबून दाखवा. तो जवळ आला तर खाऊ द्या. त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली, की समजा तो पुरे म्हणतोय, आणि तिथेच थांबा. पुरे म्हटल्यावर कुणी थांबतं हे एकदा कळलं की त्याला चावावं लागणार नाही.

मनात म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. पण ताईला शब्द दिला होता.

ताईकडे बाहेरच्या खोलीत एक पलंग, दाजींची वेताची खुर्ची आणि भिंतीला कॅलेंडर. सगळ्या खोलीला साहेबाचा वास. मी फरशीवर मांडी घालून बसलो. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत उकडलेली कलेजी. मला तिचाही वास सहन होत नाही, पण कुत्र्यांना ती म्हणजे जीव की प्राण. पहिल्या दिवशी काही केलं नाही. तो खुर्चीच्या पायांमागून माझ्याकडे बघत होता आणि मी तोंडाने श्वास घेत होतो.

दुसऱ्या दिवशी कंगवा पुढे ठेवला. त्याने हुंगला आणि कलेजी खाल्ली. कात्री ठेवली. हुंगली, खाल्ली. मशिन ताईने आतल्या खोलीत सुरू करून दाखवलं. कान हलले, पण खाणं थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला पाठीवर हात ठेवू दिला. मी चाटच पडलो. कात्रीला भीत नाही, मशिनला भीत नाही, मला भीत नाही, मग हा घाबरतो कशाला? आपल्या हाताचा गुण, असं मनात म्हणत मी ऐटीत उभा राहिलो, हात खिशात घातला आणि साहेब पलंगाखाली गेला. मागे फरशीवर मुताचा ओघळ.

मला वाटलं माझ्या उभं राहण्याला घाबरला. चौथ्या दिवशी मुद्दाम हळूच उठलो. काही नाही. मग जाताना दारात चपला घालता घालता ताईशी बोलत होतो तर पुन्हा तेच, पलंगाखाली. कॅलेंडरच्या पानामागे मी यादी केली होती, कशाला घाबरतो आणि कशाला नाही. घाबरतो या बाजूला एकही शब्द नव्हता.

पाचव्या दिवशी ताईची गोळ्यांची वेळ झाली. ती गोळ्यांची डबी घेऊन न्हाणीघरात गेली, दार लावलं, नळ सोडला, गोळी घेऊन बाहेर आली. मी विचारलं, गोळी घ्यायला न्हाणीघरात कशाला?

"झाकणाचा आवाज झाला की हा मुततो," ती म्हणाली. "पहिल्यापासून. यांच्या चष्म्याची डबीसुद्धा चालायची नाही. चष्मा शेवटपर्यंत फडक्यात गुंडाळून ठेवला यांनी."

माझा हात खिशातच होता. अंगठा झाकणावर.

मी अंगठा काढून घेतला. खाली बसलो आणि साहेबाच्या पुढच्या पायांकडे बघायला लागलो. उजव्या पंजाचं मधलं नख बाकीच्यांसारखं नव्हतं. वाकडं, जाड, आत वळलेलं. नख अगदी मुळाशी कापलं गेलं की पुढे तसं वाढतं. हे मला कुणी सांगायला नको.

दिवसाला आठ कुत्री होतात, नऊ वर्षांपूर्वीचं एक पिल्लू कुणाला आठवतं? मला आठवलं. त्या दिवशी एक बडं गिऱ्हाईक ताटकळत होतं आणि दाजी म्हणाले, सावकाश होऊ दे, मी बाहेर थांबतो. मी नख कापलं ते थेट नशीत. पिल्लू असं किंचाळलं की दोन पिंजऱ्यांतली कुत्री भुंकायला लागली. मी त्याचं तोंड मुठीत दाबून धरलं, डबी उघडली, टक्, पूड चेपली, मिटली, टक्. घाईत पुढच्याच बोटाचं नखही तसंच कापलं. पुन्हा टक्. उरलेली नखं तोंड दाबूनच उरकली. ते माझ्या हाताखाली थरथरत होतं आणि मला त्याचा राग आला होता, वेळ खातंय म्हणून. शेवटी गळ्यात रिबीन बांधली, दाजींच्या हातात दिलं आणि म्हणालो, शहाणा आहे हो तुमचा साहेब, हूं की चूं केलं नाही.

बावीस वर्षं मी मालकांच्या नावाने नाक मुरडत आलो, कानातला मळ न काढणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत आलो. आणि हे जनावर नऊ वर्षं माझ्या डबीचा आवाज कानात घेऊन जगत होतं. दाजींनी चष्मा फडक्यात ठेवला, ताईने न्हाणीघरात गोळ्या गिळल्या. मला माझ्या हातांची किळस आली. ती धुऊन जाण्यातली नव्हती.

पण किळस आली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं नाही. मी काय केलं? डबी दुकानात ठेवली आणि ताईकडे गेलो. ताईला काही बोललो नाही. झाकली मूठ.

डबी नव्हती तर साहेब माझ्याच कात्रीखाली शांत पडून राहिला. अकरा दिवस लागले. नमद्याखाली कात्रीचं टोक जेमतेम जाईल एवढीच फट असायची. एकेक गाठ मोकळी करायची, त्याने मान वळवली की हात वर. कधी दहा मिनिटांत त्याचं पुरे व्हायचं, मग दिवसभरात तेवढंच. नमदा सुटायला लागला तसं खालचं सगळं बाहेर आलं. रक्त पिऊन टपोऱ्या झालेल्या गोचिडी. पिवळट, चिकट कातडी, हाताला लागली की तार निघायची. मांडीत वाळलेली विष्ठा, तीही दगडासारखी. दोनदा मी गॅलरीत जाऊन ओकलो आणि पुन्हा येऊन बसलो. ताई कोमट पाण्याने जखमा पुसायची, डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम लावायची. काढलेला नमदा वर्तमानपत्रात गुंडाळून मी रोज खाली कचऱ्यात टाकायचो, तरी जिन्यात शेजारणीने नाकाला पदर लावलाच. माझ्यासारखाच.

अकराव्या दिवशी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा साहेबाचं अंग दिसलं. बारीक, गुलाबी, भेगाळलेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि इंजेक्शनचा विषय सोडून दिला. ताईने तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले. पण बाई पंजा बघत म्हणाल्या, हे वाकडं नख आत वळलंय, महिन्याभरात पंजाच्या गादीत घुसेल आणि पाय सडेल. तेही काढावं लागेल. पंजाला हात लावल्याबरोबर साहेबाने दात दाखवले.

मी त्यांना बाजूला घेऊन डबीचं सांगितलं, माझं नाव वगळून. कुणीतरी, कुठल्यातरी दुकानात. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ती डबी लपवून चालणार नाही. पंजा आणि तो आवाज त्याच्या डोक्यात एकत्र बांधलेले आहेत. आवाज परत आणा, लांबून, बंद दाराआडून, आणि प्रत्येक आवाजामागे कलेजी. आवाजाचा अर्थ बदलला की पंजा मिळेल. अगदी तीच डबी मिळाली तर उत्तम.

ती कुठे मिळेल हे मला विचारायची त्यांना गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईसमोर मी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. ती सोडली नाही, नुसती पलंगावर ठेवली. बावीस वर्षं ज्या तोंडाला कुलूप लावायला धंद्याने शिकवलं त्याच तोंडाने मला बोलायचं होतं. साहेब खुर्चीखाली झोपला होता. मी म्हणालो, ताई, तेव्हा मी तुला, म्हणजे दाजींना, खोटं सांगितलं. याचं नख मी कापलं. रक्त आलं. पूड लावून लपवलं. हूं की चूं केलं नाही म्हणालो, ते खोटं होतं.

ताईने पुरचुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे बाहेर पायरीवरच उभे होते तेव्हा," ती म्हणाली. "सगळं ऐकलं त्यांनी. घरी येऊन पायपुसण्यावरचं रक्त स्वतः धुतलं."

मी विचारलं, मग मला कधी काही बोलला का नाहीत?

"मी बोलणार होते. हे म्हणाले, आपलाच माणूस आहे, हातून चूक झाली, येईल आपणहून सांगायला. तेव्हा पुन्हा नेऊ त्याच्याकडे." तिने वाकड्या बोटांनी रुमालाचं टोक नीट केलं. "दवाखान्यात तू दारात आलास ना, तेव्हाही यांना वाटलं, सांगायला आलायस."

नऊ वर्षं मी रुसलो होतो. ते नऊ वर्षं वाट बघत होते.

ताई पुरचुंडी घेऊन उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या बोटांना झाकण उघडायला वेळ लागला असेल. मग अगदी पुसट आवाज आला. साहेबाने मान वर केली, अंग ताठ झालं. मी हातावर कलेजी धरली. त्याने घेतली नाही. मी फरशीवर ठेवून मागे सरलो. बऱ्याच वेळाने त्याने ती खाल्ली.

रोज पाच वेळा, त्याहून जास्त नाही. मग दार अर्धं उघडं, मग पूर्ण, मग ताई पलंगावर. एक दिवस असा आला की टक् झालं आणि साहेबाने पलंगाखाली न जाता माझ्या हाताकडे पाहिलं, कलेजी कुठाय म्हणून. ताई त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत गोळी घ्यायला लागली.

नखाच्या दिवशी मी मुसकं आणलं नाही, फासही नाही. फरशीवर बसून उजवा पंजा तळहातावर घेतला. तो थरथरला, पण राहिला. मी कात्री नखाला नुसती लावली आणि काढली. कलेजी. पुन्हा लावली. वाकड्या नखात नस कुठवर आली आहे हे कळत नाही, म्हणून केसभरच कापलं, मग आणखी केसभर. तिसऱ्यांदा काळ्या नखाच्या टोकाला लाल ठिपका उमटला. एकच थेंब.

साहेबाने पाय ओढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ताई आत भांडी घासत होती, नळ सुरू होता, तिने काही पाहिलं नव्हतं. डबी माझ्या गुडघ्यापाशीच होती. अर्ध्या मिनिटाचं काम. माझा हात आपोआप तिकडे गेलाही.

"ताई," मी मोठ्याने हाक मारली, "माझ्या हातून रक्त आलंय याला. ये."

नळ बंद झाला. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या शेजारी फरशीवर बसली.